प्रौढांना डिजिटल फोटोग्राफी शिकवताना: इंदुरातल्या वर्गासाठी आठ आठवड्यांची आखणी

प्रौढांच्या फोटोग्राफी वर्गात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आधीच असतो आणि त्यात काही हजार फोटोही असतात. नातवंडांचे, गणपतीचे, लग्नकार्यांचे, शिवाय व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या सुप्रभातांचे. फोटो काढणं त्यांना जमतंच. पण हवा तो फोटो सापडत नाही, संध्याकाळचा हललेला येतो, खिडकीपाशी बसलेल्या आजीचा चेहरा काळा पडतो, आणि असं का झालं हे घरात कुणी समजावून सांगत नाही. अशा मंडळींपुढे पहिल्याच दिवशी ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, आकृती काढली, तर दुसऱ्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात.

ही आखणी इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या, वाचनालयाच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये दहा-बारा जणांचा वर्ग घेणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याला एक बैठक, दीड तासाची. सगळा भर एकाच पद्धतीवर आहे, तिला आपण जोडफोटो म्हणू. प्रत्येक सरावात एकाच विषयाचे दोन फोटो काढायचे आणि दोन्हींत फक्त एक गोष्ट बदलायची. उजेडाची दिशा बदलली तर अंतर तेच ठेवायचं; अंतर बदललं तर उजेड तोच. मग दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावून विचारायचं, "काकू, काय बदललं?" उत्तर त्यांच्या डोळ्यांतून आलं की ते पक्कं बसतं. शिकवणाऱ्याने सांगितलेला नियम घरी जाईपर्यंतही टिकत नाही.

"या वयात काय शिकणार," असं म्हणणारं कुणीतरी वर्गात असतंच. त्यांना लाला दीनदयाळांची गोष्ट जरूर सांगा. रुडकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नक्षाकाम करायला लागले. कॅमेरा हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, नोकरीत असताना, तिशी गाठल्यावर. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. पुढे ते निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार झाले. एकोणिसाव्या शतकातल्या भारतातला हा सर्वांत नावाजलेला कॅमेरा इंदुरात, एका नोकरदार माणसाच्या हातात सुरू झाला.

वर्गाआधीची तयारी

एका शिक्षकामागे बारापेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ नका, आणि एक मदतनीस हवाच. मदतनीस फोनची माहिती असलेला असला तरी चालतो, फोटोग्राफी येत नसली तरी चालते.

नाव नोंदवतानाच फोनची कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या आणि त्यानुसार बसवा. सॅमसंगवाले एका टेबलाशी, रेडमी-पोकोवाले दुसऱ्या, विवो, ओप्पो, रियलमी तिसऱ्या आणि आयफोनवाले चौथ्या. प्रत्येक कंपनीच्या कॅमेरा ॲपची मांडणी वेगळी असते. सगळे मिसळून बसले की "माझ्यात हे बटणच नाही" यातच अर्धा तास जातो. एकाच कंपनीचे फोन शेजारी असले की लोक एकमेकांचं बघून शिकतात.

सामानाची यादी लहान आहे: ४० इंचांच्या वरचा टीव्ही आणि एचडीएमआय केबल, एक लॅपटॉप, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, टाइप-सी आणि आयफोनचे चार्जर, फोन आणि लॅपटॉप दोन्हींना लागणारा ओटीजी पेनड्राइव्ह, चष्मा पुसायची मऊ फडकी, पांढरे आणि काळे चार्टपेपर प्रत्येकी चार, फोन पकडणारा एक ट्रायपॉड. प्रोजेक्टरपेक्षा टीव्ही घ्या. हॉलमध्ये पुरेसा अंधार करता येत नाही, मग प्रोजेक्टरवर काळं राखाडी दिसतं आणि जोडफोटोतला फरकच नाहीसा होतो.

छापील टिपण प्रत्येक आठवड्याला एकच पान, अक्षर १६ पॉइंटचं. चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो आणि वर्गात निम्मे लोक तो घरी विसरून येतात. फोन कुणाचा मराठीत, कुणाचा हिंदीत, कुणाचा इंग्रजीत असतो, म्हणून टिपणात बटणाच्या नावासोबत चिन्हही काढा: दातेरी चाक, वीज, घड्याळ, सूर्य.

आणि एक नियम शिक्षक आणि मदतनीस दोघांनी पाळायचा: विद्यार्थ्याच्या पडद्याला आपलं बोट लावायचं नाही. पेन्सिलीने दाखवा, थांबा, त्यांना दाबू द्या. आपण पटकन करून दिलं की समोरची व्यक्ती "हो, कळलं" म्हणते, आणि घरी गेल्यावर तिच्याकडून ते होत नाही. वेळ लागतो, पण वर्ग त्यासाठीच आहे.

पहिला आठवडा: फोटो जातो कुठे

पहिल्या दिवशी नवा फोटो फार काढायचाच नाही. फोन आवरायचा.

सुरुवात लेन्स पुसण्यापासून करा. पुसायच्या आधी दिव्याचा एक फोटो, पुसल्यावर त्याच दिव्याचा दुसरा. बोटांचा तेलकट डाग असला की दिव्यातून लांब रेघा निघतात आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. हा पहिला जोडफोटो, आणि याचा परिणाम असा ठळक दिसतो की वर्गाचा विश्वास बसतो.

मग साठवणूक. फोन भरला म्हणून कॅमेरा उघडत नाही, ही घरोघरची तक्रार. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये आलेले फोटो आपोआप उतरवणं बंद करायला शिकवा, आणि ते गॅलरीत दिसणंही बंद करता येतं हे दाखवा. गूगल खात्यात फुकट जागा १५ जीबी मिळते, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून वापरली जाते. ती भरली की ईमेल येणंही थांबतं. सर्वांत जास्त नुकसान मात्र एका गैरसमजातून होतं. फोटो गूगलवर चढलाय, आता फोनमधून पुसला तरी चालेल, असं समजून लोक गूगल फोटोजमध्ये जाऊन डिलीट करतात, आणि तो दोन्हीकडून जातो. जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला "फ्री अप स्पेस" हा पर्याय वापरायचा. तो फक्त चढून झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतो.

पुसण्याची भीती घालवायला एक सराव द्या. टेबलाचा कसलाही फोटो काढा, डिलीट करा, ट्रॅशमध्ये जाऊन परत आणा. प्रत्येकाने दोनदा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनमध्ये ३० दिवस. हे एकदा हाताने केलं की पुढचे सात आठवडे लोक निर्धास्त बटणं दाबतात.

बॅकअप सुरू करताना पासवर्ड आणि ओटीपीचा प्रश्न येतो. कुणी पासवर्ड मोठ्याने सांगायचा नाही, मदतनीसाने विचारायचा नाही, ओटीपी कुणाला दाखवायचा नाही. ज्यांना पासवर्ड आठवत नाही त्यांना घरच्यांसोबत करायला सांगा. वर्गात घाई करू नका.

या आठवड्याचा शेवटचा जोडफोटो व्हॉट्सॲपचा. तोच फोटो शेजाऱ्याला एकदा नेहमीसारखा आणि एकदा "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायचा, मग दोन्हींचा आकार बघायचा. चार एमबीचा फोटो नेहमीच्या वाटेने काही शे केबीचा होतो. वर्गात फोटो जमा करताना डॉक्युमेंट किंवा पेनड्राइव्हच वापरा. हॉलचं वाय-फाय साधारण असलं तरी लोकलसेंड हे मोफत ॲप अँड्रॉइड, आयफोन आणि लॅपटॉप यांच्यात इंटरनेटशिवाय फाइल पोचवतं. सगळे एका हॉटस्पॉटवर असले की झालं. आयफोनचे फोटो लॅपटॉपवर उघडले नाहीत तर कारण बहुधा एचईआयसी हा फाइलप्रकार असतो. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन "मोस्ट कॉम्पॅटिबल" निवडा, म्हणजे पुढचे फोटो जेपीईजी होतील.

कुणाचाही फोन थेट टीव्हीला जोडू नका. मध्येच निरोप येतो, बँकेचा मेसेज झळकतो, खासगी फोटो दिसतात. निवडलेले दोन फोटोच लॅपटॉपवर घ्या आणि तिथून दाखवा.

दुसरा आठवडा: धरणं, फोकस, उजेड

धरणं पाच मिनिटांत होतं. दोन्ही हातांनी फोन, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास सोडताना फोटो. हात थरथरत असेल किंवा कोरड्या बोटाला पडदा दाद देत नसेल, तर आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो. तीन सेकंदांचा टायमर लावला तर बटण दाबताना बसणारा धक्काही टळतो. ज्येष्ठांसाठी टायमर हा फार मोठा आधार आहे.

फोकस आणि उजेडाला मात्र पूर्ण तास द्या. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मधल्या राखाडीपाशी आणायचा प्रयत्न करतो. म्हणून उजळ खिडकीसमोरचा माणूस काळा पडतो. खिडकीचा उजेड सरासरीत शिरलेला असतो. म्हणूनच पांढरा रुमाल मळकट येतो आणि काळी छत्री राखाडी. टेबलावर पांढरा रुमाल ठेवून एक फोटो तसाच काढायचा. दुसऱ्यात रुमालावर बोट टेकवून, शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह रुमाल पांढरा दिसेपर्यंत वर सरकवायचं. मग काळी छत्री घ्या आणि चिन्ह खाली सरकवा. बोट दाबून धरलं तर बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड जागच्या जागी बांधला जातो. चौकट हलवली तरी बदलत नाही.

इथे हमखास होणारी चूक अशी: लोक टॅप करतात, सूर्य सरकवतात, आणि मग फोन जरासा हलतो. फोनला वाटतं दृश्य बदललं, तो सगळं पुन्हा आपल्या मनाने ठरवतो. "मी केलं होतं पण झालं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. उपाय दाबून धरण्याचा.

या आठवड्यात कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा) सुरू करून घ्या आणि फ्लॅश बंद. फोटोत जागेची माहिती साठवणं हवं की नको, हेही इथेच ठरवू द्या. घराचा पत्ता प्रत्येक फोटोसोबत फिरावा असं फार थोड्यांना वाटतं.

तिसरा आठवडा: एक खिडकी

हा आठवडा सर्वांत कमी सामानाचा आणि शिकवायला सर्वांत समाधान देणारा. हॉलची एक खिडकी उघडायची आणि सगळे ट्यूबलाइट बंद करायचे. ट्यूबलाइट चालू ठेवले तर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी वेगळ्याच रंगाची होते, आणि पुढे कुठल्याही ॲपमध्ये ती नीट होत नाही. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर. पहिली जोडी: बसलेल्याचा चेहरा सरळ खिडकीकडे, मग खिडकीशी तिरपा. समोरून आलेल्या उजेडात चेहरा सपाट, तिरप्या उजेडात नाक, गाल, सुरकुत्या उठून येतात. दुसरी जोडी: चेहरा तिरपाच ठेवून सावलीच्या बाजूला दोन फुटांवर पांढरा चार्टपेपर धरायचा. सावली उघडते, डोळ्यात चमक येते. तिसरी जोडी: पांढऱ्याच्या जागी काळा चार्टपेपर. सावली गडद होते, आणि एखाद्या आजोबांच्या चेहऱ्याला ते फार शोभतं. चौथी हवी असेल तर खुर्ची खिडकीपासून मागे दहा फुटांवर न्या. उजेड झपाट्याने कमी होतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात, कारण फोनने आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवलेला असतो. आयएसओ हा शब्द पहिल्यांदा इथे सांगा. दाणे डोळ्यांना दिसल्यावर शब्दाला अर्थ येतो.

शटरच्या वेगाचंही, म्हणजे एका फोटोसाठी उजेड किती वेळ आत येतो त्याचंही, हेच. फोनचं ॲपर्चर बहुतेक वेळा एकाच आकड्यावर कायम असतं, त्यामुळे फोनच्या वर्गात तो विषय नुसता शब्द राहतो. वेग आणि आयएसओ ही दोन टोकं समजली तरी पुरे.

चौथा आठवडा: अंतर

चेहरा फोनमध्ये विचित्र का दिसतो, याचं खरं कारण अंतर. नाक कानापेक्षा कॅमेऱ्याला दहा-बारा सेंटिमीटर जवळ असतं. तीस सेंटिमीटरवरून फोटो काढला की हा फरक मोठा ठरतो आणि नाक फुगतं. दीड मीटरवरून तो नगण्य होतो. जोडी सोपी आहे: एकदा हातभर अंतरावरून १एक्सवर (झूम न करता), मग दीड-दोन मीटर मागे जाऊन २एक्सवर (दुप्पट झूम), चेहरा चौकटीत तेवढाच मोठा ठेवून. वर्गातल्या बायकांना आपले सेल्फी का आवडत नाहीत, याचं उत्तर या जोडीत असतं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका बघण्यासारखी असते.

२एक्स ही खरी लेन्स आहे की नुसती कापलेली चौकट, हे ओळखायला २एक्स लावून मागच्या लेन्सा एकेक करून बोटाने झाका. मुख्य लेन्स झाकल्यावर पडदा काळा झाला, तर ते कापणं आहे. १२ मेगापिक्सेलच्या चित्रातून २एक्स कापलं की चौथा हिस्सा, म्हणजे ३ मेगापिक्सेल उरतात. ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० ठिपके) १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे साधारण २.२ मेगापिक्सेल लागतात. तेव्हा २एक्स चालेल. १०एक्सवर टिपलेला लांबचा मोर चालणार नाही.

मागची जागाही याच आठवड्यात. डोक्यातून उगवलेला खांब आणि कपाळावरून जाणारी वायर टाळायला शिक्षकाने "एक पाऊल डावीकडे" एवढंच म्हणावं. जोडी आपोआप होते.

पाचवा आठवडा: राजवाडा आणि कृष्णपुरा छत्र्या

बाहेरची बैठक रविवारी सकाळी साडेसहाला ठेवा. त्यावेळी राजवाड्यासमोर गर्दी नसते, ऊन तिरपं असतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी कधीच नको: फोन तापला की पडद्याचा उजेड आपोआप कमी होतो, उन्हात काही दिसत नाही, आणि काही फोन कॅमेराच बंद करतात. प्रत्येकाला टोपी आणि पाणी आणायला सांगा, आणि बसायला कट्टा कुठे आहे ते आधी बघून ठेवा. गुडघेदुखी असलेल्यांना दीड तास उभं करणं योग्य नाही.

होळकरांचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. उंच इमारतीचा फोटो घेताना सगळे फोन वर झुकवतात, आणि मग भिंती वर जाताना एकमेकींकडे कलतात. जोडी अशी: पहिला फोटो जवळ उभं राहून फोन झुकवून. दुसरा अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बागेपर्यंत मागे जाऊन, फोन अगदी उभा धरून, ग्रिडची उभी रेघ इमारतीच्या कडेशी जुळवून. खाली रस्ता जास्त येतो. येऊ द्या, नंतर कापता येतो. ०.६एक्सची रुंद लेन्स इथे वापरू देऊ नका, ती कडा ओढून इमारत विस्कटवते. चारही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडायला सांगा. सातव्या आठवड्यात रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि ज्यांनी चौकट भरून टाकली त्यांचा शेंडा जातो.

तिथून चालत गेलं की कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या, होळकर घराण्यातल्यांची दगडी स्मारकं. दगडी नक्षी शिकवायला याहून चांगली जागा शहरात नाही. नक्षीवर समोरून उजेड पडला की ती सपाट दिसते, बाजूने घासून गेला की प्रत्येक कंगोरा दिसतो. खिडकीच्या आठवड्यात चेहऱ्यावर पाहिलेलं इथे दगडावर दिसतं, आणि कुणीतरी ते आपणहून बोलतं. शिक्षकाने आधी बोलू नये. छत्रीच्या आतून बाहेर बघताना एचडीआरची (उजळ आणि अंधारे दोन्ही भाग एका फोटोत आणणाऱ्या सोयीची) जोडी घ्या: एक एचडीआर बंद करून, एक चालू करून. ज्या फोनांत एचडीआर बंद होत नाही, त्यांनी कमानीवर टॅप करून एक आणि बाहेरच्या उजेडावर टॅप करून दुसरा काढावा.

माणसांचे फोटो काढताना आधी विचारायचं. लहान मुलांचे त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. ही शिस्त पहिल्याच बाहेरच्या फेरीत लावा.

सहावा आठवडा: रात्रीचा सराफा

सराफा बाजार दिवसा दागिन्यांचा, रात्री खाण्याचा. साडेआठच्या सुमारास पोचा, तोवर कढया चढलेल्या असतात आणि गर्दी अजून आवरती असते. तिघा-तिघांचे गट करा, परतायची वेळ आणि जागा ठरवा, फोन चार्ज करून आणायला लावा.

नाइट मोड कसा चालतो ते आधी सांगा. फोन एक-दोन सेकंदांत अनेक फोटो घेऊन ते एकात मिसळतो. म्हणून स्थिर गोष्टी सुरेख येतात आणि हलणारी माणसं भुतासारखी विरघळतात. जोडी: दुकानाची पाटी नाइट मोडमध्ये, मग जिलबी सोडणारा हात त्याच मोडमध्ये. हात पुसट होतो. आता नाइट मोड बंद करा, कढईखालच्या जाळावर टॅप करा, सूर्य खाली सरकवा. मागचं सगळं अंधारात जातं, जाळ आणि वाफ उरते. सराफ्यात दुकानांचा उजेड भरपूर असतो, तिथे नाइट मोडची गरज बऱ्याचदा नसते, हे लोकांना इथे कळतं. भुट्ट्याच्या किसाची वाफ दिसायला तिच्या मागे अंधार आणि बाजूने किंवा मागून उजेड हवा. दिवा आपल्या पाठीशी ठेवून उभं राहिलात तर वाफ दिसतच नाही.

फोटोत आडवे काळे पट्टे आले की सगळे घाबरतात, फोन बिघडला म्हणतात. बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोन चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. शटरचा वेग १/५०० सेकंद असेल तर काही ओळी उजेडाच्या क्षणी आणि काही मंद क्षणी वाचल्या जातात, तेच पट्टे. प्रो मोडमध्ये (जिथे वेग आणि आयएसओ आपण ठरवतो) वेग १/१०० किंवा १/५० ठेवला की जातात. ज्यांच्याकडे प्रो मोड नाही, त्यांनी दुसऱ्या दिव्याखाली सरकावं.

विक्रेत्यांना विचारा, मोठं गिऱ्हाईक असताना आड येऊ नका, आणि काढलेला फोटो दाखवा. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (देखाव्यांची मिरवणूक) किंवा रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) जवळ आली असेल तर वर्गाचे दिवस त्याप्रमाणे मागे-पुढे करा. मात्र गेरमध्ये रंग आणि पाणी असतं. फोन पारदर्शक वॉटरप्रूफ पिशवीत घालूनच, आणि शक्यतो वरच्या गच्चीवरून.

सातवा आठवडा: स्नॅपसीड

एकच ॲप शिकवा. स्नॅपसीड मोफत आहे आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्हींवर चालतं. पाचव्या आठवड्यातला राजवाड्याचा फोटो घ्या आणि हा क्रम मोडू नका: आधी फिरवून सरळ करणं, मग पर्स्पेक्टिव्हमध्ये भिंती उभ्या करणं, मग कापणं, मग ट्यून इमेजमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) खाली आणि शॅडोज (गडद भाग) थोडे वर, मग व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक), शेवटी हीलिंगने एखादा डाग. उजेड आधी आणि कापणं नंतर केलं, तर जो भाग जाणार आहे त्याच्याकडे बघून आपण उजेड ठरवलेला असतो.

कुठलाही आकडा पहिल्या फेरीत २० च्या पुढे नको. प्रौढ विद्यार्थी सॅच्युरेशन आणि स्ट्रक्चर फार वाढवतात, कारण लहान पडद्यावर ते चमकदार दिसतं. टीव्हीवर तोच फोटो लावला की आकाश निळ्या शाईसारखं आणि त्वचा खरबरीत दिसते. हा जोडफोटो बोलून दाखवावा लागत नाही. सेव्ह करताना वेगळी प्रत करणारा पर्याय निवडा, मूळ फोटो तसाच राहू द्या.

फोटो बघण्याचा अर्धा तास

प्रत्येक बैठकीची शेवटची तीस मिनिटं याला राखीव. प्रत्येकाची एक जोडी, बारा जोड्या, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं. ज्याचा फोटो त्याने आधी गप्प बसायचं. बाकीच्यांनी दोनच प्रश्नांना उत्तर द्यायचं: नजर पहिल्यांदा कुठे गेली, आणि दोन्हींत काय बदललं. "छान" हा शब्द वर्गाबाहेर ठेवा. आपल्यात भिडस्तपणा फार, सगळे सगळ्यांना छान म्हणतात आणि कुणाचंच काही सुधारत नाही. शेवटी फोटो काढणाऱ्याला विचारा की त्यांना काय दाखवायचं होतं. नजर तिथे गेली नसेल तर पुढचा सराव काय द्यायचा, ते त्यांचं त्यांनाच समजतं.

वर्गात एक-दोन जण मुलाने ठेवून दिलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊन येतात. त्यांना वेगळा अर्धा तास द्या, सगळ्यांचा वेळ त्यात घालू नका. मोड ए किंवा एव्ही (ॲपर्चर आपण ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२००, फोकस एकाच बिंदूवर. १८-५५ लेन्स ५५ वर असताना वेग १/१०० च्या खाली जाऊ देऊ नये. कार्ड लॅपटॉपवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, आणि तेही फोटो दोन ठिकाणी उतरल्यावर.

आठवा आठवडा: जुने फोटो आणि प्रिंट

या दिवशी सगळे घरचे अल्बम आणतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी याचसाठी नाव नोंदवलेलं असतं.

खिडकीजवळ टेबल, थेट ऊन नको, वरचा दिवा बंद. काळ्या चार्टपेपरवर फोटो सपाट ठेवा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा. ओलं फडकं कधीच लावू नका, फोटोवरचा थर निघतो. फोन टेबलाला समांतर, ग्रिडच्या रेघा फोटोच्या कडांशी जुळलेल्या, थोडं वर राहून २एक्स, टायमर तीन सेकंद. जवळून १एक्सवर काढलं तर फोनची सावली पडते आणि कडा फुगतात. चकचकीत फोटोवर चमक येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन ॲप वापरा: ते एक पूर्ण आणि चार कोपऱ्यांकडे सरकवून असे फोटो घेतं आणि चमक काढून टाकतं. अल्बमला किंवा काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, आहे तिथेच टिपा. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआय ठेवा.

प्रत्येक फोटोची मागची बाजूही टिपा. तिथे तारीख असते, स्टुडिओचा शिक्का असतो, कुणाच्या तरी हातची नावं असतात. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात: १९६२ इंदूर मुंज. वर्ष माहीत नसेल तर दशक. नावं आजच विचारून घ्या. ती सांगू शकणारी माणसं घरात असताना.

जुना फोटो "स्पष्ट" करून देणाऱ्या एआय ॲपबद्दल वर्गाने ठाम असावं. धूळ आणि ओरखडे काढायला ती ठीक आहेत. पण पुसट चेहरा तीक्ष्ण करताना ती डोळे, दात, भुवया स्वतः तयार करतात. समोर येतो तो दुसऱ्याच कुणाचा चेहरा, आणि पुढच्या पिढीला तेच आपले पणजोबा वाटतात. मूळ प्रत न बदलता ठेवा, सुधारलेल्या प्रतीच्या नावात तसं लिहा.

एकूण तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: फोन किंवा लॅपटॉप, हार्ड डिस्क, आणि क्लाउड किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीकडची डिस्क. फक्त पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका.

प्रिंटला देताना नेहमी फसवणारी गोष्ट म्हणजे प्रमाण. फोनचा फोटो ४:३ असतो, ४ बाय ६ चा कागद ३:२. स्टुडिओतलं मशीन ४००० बाय ३००० मधल्या ३३३ ओळी कापतं, आणि त्या नेमक्या पागोट्याच्या किंवा पायांच्या निघतात. म्हणून आधी स्नॅपसीडमध्ये ३:२ मध्ये आपणच कापा. ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत, पूर्ण १२ मेगापिक्सेलचा फोटो पुरतो. व्हॉट्सॲपवरून आलेला नाही. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा, कारण कागद कधीच पडद्याएवढा उजळ नसतो; तेव्हा तो अंधारा वाटला तर थोडा वाढवा. मोठा काढण्याआधी ४ बाय ६ ची एक चाचणी प्रिंट घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात तपासा. हातोहात फिरणार असेल तर मॅट कागद सांगा, चकचकीतवर बोटांचे ठसे राहतात.